ऑक्सिजनची मात्रा



ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक सवय त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकली आहे. कुणी नवं औषध घेऊन आलं की ते तीन गोष्टी विचारत. हे कुणाला दिलं? किती जणांना दिलं? आणि ज्यांना दिलं नाही, त्यांचं काय झालं? पहिले दोन प्रश्न सगळेच विचारतात, तिसरा फार थोडे. आजचं माझं सगळं बोलणं त्या तिसऱ्या प्रश्नाला धरून आहे. विषय आहे दाबाखाली दिला जाणारा ऑक्सिजन, म्हणजे हायपरबेरिक ऑक्सिजन उपचार, आणि यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सावरण्यासाठी त्याचा होऊ शकणारा उपयोग.

हा विषय निवडण्याचं कारण रुग्णांचे नातेवाईक आहेत. काचेच्या लांबट नळीत झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ ते मोबाईलवर दाखवतात आणि विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, बाबाले या मशीनीत ठेवलं तं लवकर उठतीन का?’’ विचारणाऱ्याने ऑपरेशनसाठी कापूस विकलेला असतो, कधी बायकोचे दागिने गहाण टाकलेले असतात. त्याला गोलमोल उत्तर देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. सरळ उत्तर द्यायचं तर आधी यकृत समजून घ्यावं लागेल, मग ऑक्सिजन, आणि शेवटी पुरावा.

मोठ्या माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाव भाग त्यातून जातो. या रक्ताचे दोन मार्ग आहेत. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेने येतं, उरलेलं यकृताच्या धमनीतून. शिरेचं रक्त आतड्यांना ऑक्सिजन देऊन आलेलं असतं, म्हणून त्यात तो कमी असतो. धमनी लहान, पण तिचं रक्त ऑक्सिजनने भरलेलं. त्यामुळे यकृताला मिळणाऱ्या ऑक्सिजनचा जवळपास निम्मा वाटा या लहान धमनीचा असतो. पुढे हे रक्त पेशींच्या रांगांमधून झिरपत जातं. सुरुवातीच्या पेशींना भरपूर ऑक्सिजन मिळतो, शेवटच्या पेशींना उरलासुरला. यकृताला कुठलाही धक्का बसला की या शेवटच्या पेशी आधी आजारी पडतात.

आपल्या वऱ्हाडात यकृतावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ अनेक कारणांनी येते. हिपॅटायटिस बी किंवा दारूमुळे खराब झालेल्या यकृतात उठलेली कर्करोगाची गाठ, मोठ्या आतड्यातून यकृतात पसरलेला कर्करोग, हायडॅटिडची पाण्याची गाठ, रस्त्यावरच्या अपघातात फाटलेलं यकृत, आणि प्रत्यारोपणात जिवलगाला दिलेला यकृताचा भाग. निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी माणूस जगतो, कारण उरलेला भाग वाढतो. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही, उरलेलाच मोठा होत जातो. ही वाढ पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत वेगाने होते आणि पुढे काही महिने चालू राहते. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये उंदरांचं सुमारे ७० टक्के यकृत काढून या वाढीचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि आजही प्रयोगशाळांत तीच पद्धत वापरतात. माणसात मात्र हिशेब सांभाळून करावा लागतो. निरोगी यकृताचा पाव भाग किंवा थोडा जास्त तरी मागे राहायला हवा. सिरॉसिस झालेल्या यकृताचा ४० टक्क्यांच्या आसपास राखावा लागतो.

धोका याच ठिकाणी असतो. शस्त्रक्रियेत रक्तस्राव आवरण्यासाठी सर्जन यकृताकडे जाणारा रक्तपुरवठा काही मिनिटं दाबून धरतो. ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये ही युक्ती सांगितली, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण त्या मिनिटांत पेशी ऑक्सिजनविना राहतात, आणि रक्त पुन्हा सुरू झालं की सुजेचा दुसरा मार बसतो. पुढे उरलेल्या लहान यकृतात पोर्टल शिरेचं सगळं रक्त घुसतं, आणि त्याला तोंड देताना धमनी आकुंचन पावते. म्हणजे पेशी दुप्पट काम करून वाढायला निघालेल्या असतात, आणि नेमका त्याच वेळी ऑक्सिजन आणणारा चांगला मार्ग अरुंद होतो. पाचव्या दिवशी कावीळ वाढलेली आणि रक्त गोठण्याची शक्ती घसरलेली दिसली, की आम्हा सर्जनांची झोप उडते. अशा यकृताला ऑक्सिजन जास्त पोचवता आला तर? हा प्रश्न शास्त्राला धरूनच आहे, आणि कोणत्याही विचारी डॉक्टरला तो पडायलाच हवा.

आता ऑक्सिजनकडे येऊ. वऱ्हाडाला त्याची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत कोविडची दुसरी लाट राज्यात सर्वांच्या आधी अमरावती आणि अकोल्यात चढली, आणि सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर, सॅच्युरेशन हे शब्द घराघरांत गेले. त्या दिवसांनी आपल्याला ऑक्सिजनची किंमत शिकवली. पण त्यातून एक समजही पक्का झाला, की ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला. हा समज खरा नाही. ऑक्सिजन हे औषध आहे, आणि औषधाला मात्रा असते.

रक्तात ऑक्सिजन दोन प्रकारे वाहिला जातो. जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनला चिकटून जातो, १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर. उरलेला, जेमतेम ०.३ मिलिलिटर, रक्ताच्या पाण्यात विरघळलेला असतो. साध्या हवेत हिमोग्लोबिन जवळपास भरलेलंच असतं, त्यात आणखी भर घालता येत नाही. विरघळलेला ऑक्सिजन मात्र दाबावर अवलंबून असतो. बंद चेंबरमध्ये हवेचा दाब तिप्पट करून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर विरघळलेलं प्रमाण ०.३ वरून सुमारे ६ मिलिलिटरपर्यंत जातं. स्वस्थ पडलेल्या शरीराची गरज जवळपास एवढीच असते. अ‍ॅमस्टरडॅमचे सर्जन इते बूरेमा यांनी १९६० मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. त्यांनी डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढल्या, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनवर ती जनावरं जिवंत राहिली.

दाब म्हणजे काय, हे चिखलदऱ्याला गेलेल्या माणसाने अनुभवलेलं असतं. सुमारे ११०० मीटर उंचीवर हवेचा दाब अमरावतीपेक्षा कमी होतो आणि घाट चढताना कान बसतात. चेंबरमध्ये उलटं घडतं. उपचारात दाब बहुधा दोन ते अडीच पट ठेवतात, म्हणजे समुद्रात दहा ते पंधरा मीटर खोल गेल्यासारखा. एक बैठक साधारण दीड तासाची असते, आणि जुन्या जखमेसाठी अशा २० ते ४० बैठका लागतात. मुंबईत कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात ही विद्या पाणबुड्यांच्या निमित्ताने जोपासली गेली. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, आणि त्यावर दाबाखालचा ऑक्सिजन हाच मुख्य उपचार आहे.

या चेंबरच्या शिस्तीत आपल्या मातीतली एक वस्तू आहे, ती इथे सांगायलाच हवी. आत जाणाऱ्या रुग्णाला शुद्ध सुती कपडेच घालावे लागतात. नायलॉन, पॉलिस्टर चालत नाही, कारण घर्षणाने ठिणगी पडू शकते. केसांना तेल, अंगाला मलम, खिशात मोबाईल, काडेपेटी, काहीही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये एका ठिणगीचा भडका होतो. ऑक्टोबर १९९७ मध्ये मिलानच्या एका रुग्णालयात चेंबरला आग लागून ११ माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पाच वर्षांचं एक मूल अशाच आगीत दगावलं. कानाच्या पडद्याला इजा, काही आठवडे नजर बदलणं, क्वचित झटके येणं, हे इतर धोके आहेत. ऑक्सिजनने झटके येतात हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवलं होतं. छातीत हवा साठलेली असताना तिचा निचरा न करता रुग्णाला आत नेलं, तर तो प्राणाशी खेळ ठरतो. यकृताच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये सर्जन छातीच्या पडद्यालगतच काम करत असतो, म्हणून आमच्या रुग्णांच्या बाबतीत ही शक्यता आधी तपासावी लागते.

आता पुरावा. उंदरांवरचे प्रयोग उत्साह वाढवणारे आहेत. यकृताचा मोठा भाग काढल्यावर चेंबरमध्ये ठेवलेल्या उंदरांत पेशींची वाढ चांगली झाली, सूज आणि इजा कमी झाली, असं अनेक प्रयोगशाळांनी नोंदवलं. माणसांवरचं काम मात्र थोडं आहे. १९९९ मध्ये पिट्सबर्गच्या प्रत्यारोपण तज्ज्ञांनी आपला अनुभव छापला. यकृत बसवल्यानंतर धमनीत गुठळी झालेल्या मुलांना त्यांनी हा उपचार दिला होता. त्यांच्या यकृताचा भाग कुजला नाही आणि दुसऱ्या यकृताची वाट पाहायला जास्त दिवस मिळाले. जगण्याच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. जपानच्या कागोशिमा येथील सर्जनांनी कर्करोगासाठी यकृताचा भाग काढलेल्या छोट्या गटात ऑपरेशननंतर लगेच हा उपचार करून पाहिला आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांना तो सुरक्षित वाटला आणि सुजेच्या खुणा कमी दिसल्या. या कामाला मी मान देतो. पण रुग्ण घरी लवकर जातो का, यकृत निकामी होण्यापासून वाचतो का, जगतो का, हे ठरवणारा मोठा अभ्यास, जिथे चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना उपचार आणि निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली, तो यकृताच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्यापुढे नाही. या उपचारासाठी मान्य आजारांची यादी ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञसंस्थेच्या यादीतही यकृताची शस्त्रक्रिया नाही.

मान्य यादीतल्या आजारांचीही परीक्षा थांबलेली नाही. मधुमेहाच्या पायाच्या जखमांवर स्वीडनमध्ये ९४ रुग्णांचा काटेकोर अभ्यास झाला. २०१० मध्ये त्याचे निकाल आले. वर्षाअखेर चेंबरमध्ये ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या जखमा भरल्या, चेंबरमध्ये साधी हवा घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांच्या. नंतर कॅनडातल्या अभ्यासात पाय कापण्याची गरज कमी झालेली दिसली नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्यांचे दात काढताना जबडा कुजू नये म्हणून हा उपचार सर्रास देत. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाने सरसकट द्यायची गरज नाही असं दाखवलं. त्याच वर्षी रेडिएशनने मूत्राशयाला झालेल्या जुन्या इजेवर मात्र तो उपयोगी असल्याचं उत्तर युरोपातल्या अभ्यासात मिळालं. एकच यंत्र, एकच वायू, आणि आजारागणिक वेगळं उत्तर. म्हणून ‘जखमेला चांगलं, तर यकृतालाही चांगलंच’ हा तर्क मी मान्य करत नाही.

तर्क पुढे आणि पुरावा मागे राहिला की काय होतं, ते या उपचाराच्याच इतिहासात दिसतं. अमेरिकेत ऑर्व्हल कनिंगहॅम नावाचे डॉक्टर १९१८ नंतर दाबाच्या टाकीत फ्लूपासून मधुमेहापर्यंत अनेक आजारांवर उपचार करू लागले. १९२८ मध्ये क्लीव्हलँडला त्यांच्यासाठी पाच मजली पोलादी गोल इमारत उभी राहिली. तिथल्या वैद्यकीय संघटनेने पुरावा मागितला, तो त्यांना देता आला नाही. इमारत पुढे भंगारात गेली.

असं दुसरं उदाहरण आपल्या दाराशी आहे. दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीत तपोवन उभं केलं. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांना त्यांनी छप्पर, काम आणि मान दिला. त्या काळापर्यंत जगभर कुष्ठरोगावर चौलमोगऱ्याचं तेल दिलं जात होतं. ते देणारे डॉक्टर प्रामाणिक होते, घेणारे आशेवर जगत होते. १९४० च्या दशकात सल्फोनची औषधं आली, तपासली गेली आणि तेल मागे पडलं. पुढे अनेक औषधं एकत्र देण्याच्या पद्धतीने हा आजार बरा होऊ लागला. तेलावर श्रद्धा ठेवून जग थांबलं असतं, तर हे घडलं नसतं. आणि औषधाची वाट पाहत माणसाचा मान राखायचं कुणी थांबवलं असतं, तर तपोवन घडलं नसतं. आशेने कामाला लागायचं आणि पुराव्याने पाऊल टाकायचं, या दोन्ही गोष्टी अमरावतीने एकाच काळात पाहिल्या आहेत.

मग यकृताच्या ऑपरेशननंतर रुग्णाला सावरतं काय? ज्या गोष्टी तपासून सिद्ध झाल्या आहेत, त्या फार साध्या दिसतात. ऑपरेशनआधी काही आठवडे दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. रक्त आणि ताकद वाढेल असं खाणं, रोज चालणं, श्वासाचा व्यायाम. ऑपरेशननंतर वेदना नीट आवरून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला बिछान्याबाहेर बसवणं आणि चार पावलं चालवणं. तोंडाने अन्न लवकर सुरू करणं, कारण आतड्यातून येणारं रक्त हेच यकृताचं पोषण आहे. सलाईन मोजून देणं. पायात गुठळी होऊ नये म्हणून काळजी घेणं. ताप, पोट फुगणं, नळीतून पित्त येणं, कावीळ वाढणं हे वेळेत ओळखणं. या क्रमाने शुश्रूषा केल्यावर गुंतागुंत आणि रुग्णालयातले दिवस कमी होतात, हे जगभरच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. त्यासाठी परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि घरचं जागतं माणूस लागतं. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये हे सगळं करता येतं, त्यासाठी दाबाची टाकी लागत नाही.

घरच्यांचा एक गैरसमज मला वारंवार दिसतो. ऑपरेशन झालेल्या माणसाला हलू द्यायचं नाही, फक्त वरणाचं पाणी द्यायचं. मी नातेवाइकांना कळकळीने सांगतो की त्याला उठवा, बसवा, चालवा, आणि डाळ, अंडी, दूध जे चालत असेल ते द्या. खोल श्वास घेतला की फुप्फुसाचा तळ उघडतो आणि ऑक्सिजन रक्तात जातो. हाही ऑक्सिजनचाच उपचार आहे, आणि त्याची मात्रा रुग्णाच्या हातात आहे.

आता खर्चाचा विचार. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवाच्या नावावर कर्ज काढू नका, असं गावोगाव सांगितलं. आणि हाच माणूस रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळा उभ्या करत होता. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे आप्त उतरतात, त्यांत बडनेऱ्याहून गाडीत बसलेले आपले लोकही असतात. आजारी माणसाला आसरा द्या आणि कर्जाच्या फासापासून त्याला वाचवा, ही शिकवण मला आजच्या वैद्यकशास्त्रासाठी फार मोलाची वाटते. सिद्ध न झालेल्या उपचाराच्या वीस-तीस बैठकांसाठी कुणी शेताचा तुकडा विकत असेल, तर त्याला थांबवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे.

याचा अर्थ मी या उपचाराकडे पाठ फिरवतो आहे, असा कुणी घेऊ नये. गॅस गीझरच्या बंद न्हाणीघरात किंवा शेगडी पेटवलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साईडने बेशुद्ध झालेला माणूस, शेतात चिरडलेल्या पायात पसरलेलं गॅस गँगरीन, मधुमेहाची न भरणारी निवडक जखम, खर्ऱ्याने झालेल्या तोंडाच्या कर्करोगाला रेडिएशन दिल्यावर खरोखर कुजलेला जबडा, अशा रुग्णांसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा चेंबर सरकारी व्यवस्थेतून वऱ्हाडाच्या आवाक्यात असायला हवा. त्याबरोबर प्रशिक्षित माणसं, आगीची तपासणी आणि प्रत्येक रुग्णाची नोंदवही हवी. फुगवून वापरायच्या कमी दाबाच्या पिशव्यांना उपचार म्हणून खपवणाऱ्या जाहिरातींवर लगाम हवा.

आणि यकृतासाठी? तिथे अभ्यास हवा, आणि तो आपणही करू शकतो. अकोला, अमरावती आणि नागपूरच्या संस्थांनी एकत्र यावं. नीतिसमितीची मान्यता घ्यावी, देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स नोंदणीत नाव घालावं, मराठीत लिहिलेलं संमतिपत्र रुग्णाला वाचून दाखवावं. यकृताचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांपैकी कुणाला चेंबर आणि कुणाला नेहमीची शुश्रूषा, हे चिठ्ठीने ठरावं. प्रयोगासाठी रुग्णाकडून एक रुपयाही घेऊ नये. आणि निकाल काहीही लागो, तो छापावा. उपयोग झाला तर जगाला एक उपचार मिळेल. झाला नाही, तर उद्याच्या शेतकऱ्याची जमीन वाचेल. माझ्या मते दोन्ही निकाल सारखेच मोलाचे आहेत.

इथे बसलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना माझं शेवटचं सांगणं आहे. तुमच्यापुढे येणारा माणूस विश्वास आणि पैसा दोन्ही तुमच्या स्वाधीन करतो. आशा देताना तिची मात्राही सांगत जा. किती खात्री आहे, किती नाही, आणि खर्च किती, या तीन गोष्टी त्याच्या भाषेत, त्याच्या बाजूला बसून सांगा. हे सांगायला वेळ लागतो. तो वेळ देणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्याच्या उपयोगाबद्दल माझ्या मनात कुठलीही शंका नाही.